आधी हिशोब, मग मिठी
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल. मॅट्रिकपुढं शाळा नाय. कविता करतो म्हणून मला इथं उभं केलंय, पण आज कविता नको, हिशोब मांडू.

४ मार्च १८६५. वॉशिंग्टन. अमेरिकेतलं चार वर्षांचं यादवी युद्ध संपत आलेलं. अब्राहम लिंकन दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतो आणि थोडकंच बोलतो. त्या भाषणाचं शेपूट जगाला पाठ आहे: द्वेष कुणाचाच नको, माया सगळ्यांवर, देशाच्या जखमा बांधा. आपल्याकडचे पांढरपेशेही आपल्याला हेच ऐकवतात. झालं गेलं विसरा म्हणे!

पण शेपटाआधी धड आहे. लिंकन म्हणाला, दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, आणि दुसऱ्याच्या घामाची भाकर ओरबाडायला कुणी न्यायी देवाची मदत मागावी, हे अजबच. गुलामांच्या अडीचशे वर्षांच्या फुकट राबण्यातून साठलेली दौलत बुडेपर्यंत, आसुडानं सांडलेलं थेंब न थेंब रक्त तलवारीनं फिटेपर्यंत युद्ध चालावं अशी देवाची मर्जी असेल, तर तोही न्यायच. हा हिशोब त्यानं आधी मांडला. माया नंतर.

गर्दीत फ्रेडरिक डग्लस होता. जन्मानं गुलाम, पळून सुटलेला. भाषणानंतर तो व्हाइट हाऊसवर गेला, तर पोलिसांनी दारात अडवला. लिंकनला निरोप गेला तेव्हा आत शिरला. भाषण कसं वाटलं, विचारल्यावर डग्लस म्हणाला, पवित्र प्रयत्न होता. मला मात्र ते दार दिसतं. माया सगळ्यांवर, आणि दारात पोलीस!

१४ एप्रिलला लिंकनला गोळी घातली. दक्षिणेच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांना कुटुंबामागं ४० एकरांपर्यंत जमीन द्यायचं ठरलं होतं. नव्या अध्यक्षानं, अँड्र्यू जॉन्सननं, त्याच वर्षी ती जुन्या मालकांच्या घशात परत घातली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. तो लढा त्यांना आपला वाटला. पण १८७७ साली उत्तरेनं दक्षिणेतला लष्करी पहारा उठवला. गोरा गोऱ्याला मिठी मारून मोकळा. चेंगरला कोण? काळा. मत गेलं, जमीन गेली, झाडाला टांगून जीव गेला.

आमच्या गावात पाणवठ्यावरून डोकी फुटली. मग तडजोडीची बैठक. चहा झाला, हार झाले. फुटलेल्या डोक्याचं नाव कुणी काढलं नाय. माझ्या बापाचंच डोकं होतं ते.

म्हणून सांगतो, जखम बांधा. पण आतला काटा काढून बांधा. थकलेली मजुरी चुकती करा, दारातला पोलीस हटवा. मग मिठीला आमची ना नाय.

जयभीम!