डबी उलटी करून वाचा
दसऱ्याच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पहाटेपासून मोळ्या उचलून अंग आंबतं, अशक्तपणा येतो. अशा वेळी 'ताकदीच्या गोळ्यां'ची डबी हाती येते. ती घेण्याआधी जरा उलटी करा.

अन्नसुरक्षेचा 14 अंकी परवाना क्रमांक असेल, तर कायद्याच्या नजरेत ते खाद्य आहे, औषध नव्हे. 2016 च्या नियमांनुसार अशा पूरक आहाराच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना सक्तीची आहे. ती बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरात असते. समोर मात्र पिळदार दंडाचा पहिलवान! रोग बरा होतो किंवा टळतो, असा दावा अशा डबीला करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची.

आता खरी गंमत. गरोदर बाईला प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह सहसा याहून बरंच कमी. म्हणजे महागडी डबी इथे कमी पडते. ही गोळी चहासोबत मात्र घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबूपाणी चालेल. आणि दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. टोळी निघण्यापूर्वीच.