परशुरामाचा कोप आणि राजकुळांच्या उत्पत्तिकथा : जत परिसराच्या संदर्भात

एखादे राजघराणे आपल्या सत्तेचा उगम देव, ऋषी, सूर्य, चंद्र किंवा यज्ञातील अग्नी यांच्यापर्यंत नेऊन भिडवते, तेव्हा त्या कथेला उत्पत्तिकथा म्हणतात. शिलालेख आणि ताम्रपट यांच्या आरंभी दात्या राजाची जी स्तुती असते, म्हणजे प्रशस्ती, तिच्यात या कथा प्रामुख्याने आढळतात. त्या शब्दशः खऱ्या मानणे जसे भाबडेपणाचे, तसेच भाटांची अतिशयोक्ती म्हणून त्या टाकून देणे उतावळेपणाचे ठरते. कारण अशी कथा ज्या काळाविषयी बोलते त्यापेक्षा ज्या काळात सांगितली गेली त्याविषयीच अधिक सांगते. जत आणि त्याच्या आसपासच्या मुलखात अशा अनेक कथा एकमेकींवर थर चढवून बसल्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच कथांच्या मुळाशी परशुरामाच्या आख्यानाने उभा केलेला एकच प्रश्न आहे.

जतची यल्लम्मा ही रेणुकेचेच रूप मानली जाते आणि मार्गशीर्षात भरणाऱ्या तिच्या यात्रेला मराठी व कन्नड दोन्ही मुलखांतून लोक येतात. पुराणांनुसार रेणुका ही जमदग्नीची पत्नी व परशुरामाची माता. हैहय कुळातील कार्तवीर्य अर्जुनाने जमदग्नीची धेनू हरण केली, परशुरामाने त्याला मारले, त्याच्या पुत्रांनी सूड म्हणून जमदग्नीचा वध केला, आणि त्यानंतर परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. ही कथा प्रमाण मानली की अडचण उभी राहते : क्षत्रिय उरलेच नसतील, तर पुढे जे राज्य करू लागले ते कोण?

जतच्या उत्तरेला लागून असलेल्या मंगळवेढ्याच्या कलचुरी घराण्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर मोठे चतुर आहे. बाराव्या शतकात याच घराण्यातील बिज्जलाने कल्याणीच्या चालुक्यांची गादी बळकावली. ११७४ च्या एका लेखात या कुळाचा मूळपुरुष सोम असल्याचे सांगितले असून, परशुरामाच्या कोपातून वाचण्यासाठी त्याने दाढीमिशा वाढवल्या, अशी कथा दिली आहे. हे घराणे स्वतःला कालंजर नगरीचा अधिपती म्हणवीत असे. मध्य भारतातील त्रिपुरीचे कलचुरी तर थेट कार्तवीर्याचे वंशज म्हणवून घेत. सत्ता मांडलिकाने हस्तगत केलेली असल्यामुळे आपले क्षत्रियत्व अखंड चालत आले आहे हे दाखवणे बिज्जलाच्या वारसांना निकडीचे होते, आणि ती निकड या कथेत स्पष्ट उमटली आहे.

ज्यांची गादी गेली त्या चालुक्यांची कथाही अशीच काळानुसार वाढलेली दिसते. बदामीच्या जुन्या लेखांत हे कुळ मानव्य गोत्राचे, हारितीपुत्र, सप्तमातृकांनी वाढवलेले आणि नारायणाच्या कृपेने वराहलांछन, म्हणजे वराहाचे राजचिन्ह, मिळालेले असे वर्णिले आहे. अकराव्या शतकात कल्याणीच्या शाखेने त्यात अयोध्येत राज्य केलेल्या ५९ पूर्वजांची भर घातली. मिरजेचा १०२४ चा ताम्रपट याच परंपरेतला आहे. पुढे सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारातील बिल्हण कवीने आपल्या ‘विक्रमाङ्कदेवचरित’ काव्यात ब्रह्मदेवाच्या ओंजळीतील पाण्यातून या कुळाचा आदिवीर जन्मल्याचे सांगितले. घराण्याचा दरारा वाढत गेला तसतसा मूळपुरुषही मागे मागे सरकत गेला.

तिसरे उत्तर अग्निकुळाचे आहे. अबूच्या पर्वतावर वसिष्ठाच्या अग्निकुंडातून परमार, प्रतिहार, सोळंकी आणि चौहान ही चार कुळे निर्माण झाली, असे ही कथा सांगते. परशुरामानंतर पोकळी पडली म्हणून हे नवे क्षत्रिय घडवावे लागले, असा तिच्या काही पाठांचा आशय आहे. मात्र इ. स. १००० च्या सुमारास पद्मगुप्ताच्या काव्यात ती केवळ परमारांपुरती आहे, तर ११७० च्या सुमाराचा बिजोलियाचा लेख चौहानांच्या पूर्वजाला वत्स गोत्रातील ब्राह्मण म्हणतो. चौहानांना अग्निकुंडाशी जोडणारी ‘पृथ्वीराजरासो’ची परंपरा त्यानंतरची आहे. शहाण्णव कुळांच्या याद्यांत मराठा चव्हाणांचा संबंध याच चौहानांशी लावला जातो, आणि जतचे डफळे घराणे मूळचे चव्हाण.

डफळ्यांचा कागदोपत्री उगम मात्र अगदी जमिनीवरचा आहे. डफळापूरची पाटीलकी, त्यावरून पडलेले आडनाव, सटवाजीरावांना आदिलशाहीकडून मिळालेली जत, करजगी आदी महालांची देशमुखी, १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर मोगलांशी जुळवून घेऊन राखलेली जहागीर, पुढे सातारकर छत्रपतींचे व अखेरीस इंग्रजांचे मांडलिकत्व, आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीनीकरण, असा हा क्रम आहे. वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, हेच या राज्याचे खरे बीज होय, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

या कथांचा परिणाम कागदापुरता राहिला नाही. जत तालुक्यातील उमराणी येथे एप्रिल १६७३ मध्ये शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर यांनी विजापूरच्या बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला जेरीस आणले. पुढच्याच वर्षी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. रणांगणावर सिद्ध झालेल्या सत्तेलाही त्या वेळी सिसोदिया वंशावळीचा आणि गागाभट्टांच्या विधीचा आधार घ्यावा लागला, कारण कलियुगात क्षत्रिय उरले नाहीत हे मत शास्त्रीमंडळात प्रबळ होते. १८९९ पासून कोल्हापुरात पेटलेल्या वेदोक्त प्रकरणात, म्हणजे वेदमंत्रांनी विधी होण्याच्या हक्काच्या वादात, हाच मुद्दा शाहू महाराजांपुढे पुन्हा उभा करण्यात आला. पुराणातील एक संहारकथा अशा रीतीने विसाव्या शतकापर्यंत माणसांचे हक्क ठरवीत होती.

कुळावरून हक्क ठरवण्याच्या या रीतीला याच मातीने वेगळे उत्तरही दिले आहे. बाराव्या शतकातील शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, चळवळीने कुळापेक्षा आचरणाला आणि श्रमाला मोठे मानले. परंपरेनुसार उमराणीत जन्मलेली व गुड्डापूरला पूजली जाणारी दानम्मा देवी ही त्या चळवळीतील शरणी. तिचे मोठेपण वंशावळीने नव्हे, दानाने ठरले. बिज्जलाच्या मूळपुरुषाची कथा आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. ज्या परशुरामाच्या धाकाने ती रचली गेली, त्याच्या मातेची यात्रा मात्र जतमध्ये दरवर्षी भरते. राजांच्या कथांना राज्याचा आधार होता आणि राज्याबरोबर तो गेला. देवीच्या कथेला भक्तांचा आधार होता आणि तो टिकला.

म्हणून उत्पत्तिकथा हाती आली की ती कोणी, केव्हा आणि कोणत्या गरजेपोटी सांगितली, एवढे विचारून मगच तिच्याविषयी मत बनवावे. जत तालुक्यातील गावोगावचे वीरगळ, मंदिरांतील कन्नड लेख, वतनदारांच्या घरांतील जुनी दफ्तरे आणि यात्रेत गायली जाणारी देवीची गाणी यांची नोंद गावकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आताच करून ठेवली पाहिजे. या मुलखाचा इतिहास पुढे त्यांच्याच आधाराने लिहिला जाणार आहे.