पंधराव्या वर्षाचें दुखणें

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीच्या कांठीं येलदरी नांवाचें गांव आहे. १९६८ सालीं पुरें झालेलें धरण आणि त्याच्या पायथ्याचें वीजघर यांमुळें हें नांव मराठवाड्यांत बहुतेकांच्या कानांवर असतें. त्या भागांतल्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें. मी वैद्य नव्हें, पदवीधरहि नव्हें. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला एक साधा शिक्षक आहें. आज ज्या विषयावर बोलणार आहें तो वैद्यकाचा असला, तरी माझें बोलणें वैद्यकाचें नाहीं. तें एका विद्यार्थ्याविषयीं आणि त्याच्या मास्तरानें केलेल्या एका चुकीविषयीं आहे.

गोष्ट २०१४ सालची. नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. चौदा पुरीं होऊन त्याला पंधरावें लागलें होतें. त्याचें नांव मी सांगत नाहीं. तें त्याचें आहे, चारचौघांत मांडण्याचें नव्हे. धरणाच्या जलाशयांत मासेमारी करणाऱ्या घरांतला हा मुलगा अंगानें सडपातळ आणि धांवण्यांत पटाईत. त्या पावसाळ्यांत त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर दुखूं लागला. खेळतांना लचकला असेल असें समजून घरच्यांनीं तेल चोळलें, गांवांतल्या एका जाणत्याकडून पाय ओढून घेतला. आणि मीं काय केलें? कवाइतीच्या तासाला तो बाजूला बसला, तेव्हां सर्व वर्गादेखत मी म्हणालों, “कवाइतीच्या वेळींच बरा तुझा पाय दुखतो!” वर्ग हंसला. तोहि हंसला आणि उठून रांगेंत उभा राहिला. त्या दिवसानंतर त्यानें पायाची तक्रार माझ्यापाशीं केली नाहीं. रात्रीं तो दुखण्यानें जागा होई, हें मला त्याच्या आईकडून फार उशिरां कळलें. दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हां सूज विजारीवरूनहि दिसूं लागली होती.

परभणीस क्ष-किरणांनीं फोटो काढला. डॉक्टरांनीं तो उजेडाकडे धरला, वडिलांना बाजूच्या खोलींत नेलें आणि मुलाला बांकावर बसवून ठेवलें. बाप बाहेर आला तो एकच शब्द घेऊन : कर्करोग.

या रोगाला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. हाडाचा हा कर्करोग म्हाताऱ्यांपेक्षां वाढत्या वयाच्या मुलांत अधिक आढळतो. ज्या वर्षांत मुलांची उंची झपाट्यानें वाढते त्याच वर्षांत, आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास, जेथें हाड सर्वांत वेगानें वाढतें तेथेंच तो उद्भवतो. आईबापांचें पाप, कोणाची दृष्ट, खाण्यापिण्यांतली चूक यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. मारानेंहि तो होत नाहीं; लागल्यामुळें त्या जागेकडे लक्ष जातें, एवढेंच. पूर्वीं पाय कापूनहि पांचांतला एखादाच मुलगा वांचे, कारण रोगाचे सूक्ष्म कण आधींच फुप्फुसांत पोंचलेले असत. १९७० च्या सुमारास व त्यानंतर शस्त्रक्रियेच्या जोडीला औषधांचे क्रम देण्याची पद्धत आली, आणि रोग एके ठिकाणींच असतांना सांपडला तर दहांपैकीं सहासात मुलें वांचूं लागलीं. आतां पुष्कळांचा पायहि राखतां येतो. रोगट हाड काढून त्या जागीं धातूचा सांधा बसवितात. मात्र त्यासाठीं वेळेवर पोंचावें लागतें.

देवगिरी एक्स्प्रेसनें बापलेक मुंबईस गेले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्या दुःखांतून जी कल्पना निघाली, तिचें फळ म्हणजे परळचें टाटा स्मारक रुग्णालय. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें आणि १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुशक्ति खात्याकडे आहे. औषधांचे क्रम महिनोन्महिने चालतात, म्हणून बाहेरगांवच्या माणसाला उपचाराइतकीच राहण्याची चिंता पडते. परळची नाना पालकर स्मृति समिति, दादरची संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशा ठिकाणीं अशांना आसरा मिळतो. खर्चाचा मोठा भाग शासनाच्या योजनेंतून निघाला. ती २०१२ सालीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नांवानें सुरू झाली आणि २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. उरलेल्या खर्चासाठीं बापानें होडी विकली.

नाताळच्या सुटींत मी त्याला भेटावयास गेलों. डोक्यावरचे केस गेले होते, तोंड आलें होतें, पाणीहि घोट घोट करून प्यावें लागत होतें. घरच्यांनीं त्याला ‘पायांत पू झाला आहे’ असें सांगितलें होतें, आणि मलाहि तसेंच सांगण्याची विनंती केली होती. मी बसतों न बसतों तोंच तो म्हणाला, “गुरुजी, इथं भिंतीभिंतीवर कर्करोग लिहिलं आहे. वाचायला तुम्हीच शिकवलं ना? मग मला फसवतां कशाला?”

श्रोतेहो, या वयाचें हेंच दुःख आहे. लहान बाळाला आपण कडेवर घेतों, मोठ्या माणसाला विश्वासांत घेतों. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून आपण एकमेकांशीं बोलतों. त्याला सारें समजतें. समजत नाहीं तें एवढेंच, कीं आपल्याला समजलें आहे हें कोणापुढें बोलावें. त्याच्या वडिलांकडे पाहून मीं त्यांची मूक संमति घेतली आणि मला माहीत होतें तेवढें त्याला सांगितलें. पाय जाण्याचा संभव आहे हेंहि सांगितलें. मग कवाइतीच्या तासाची गोष्ट काढून मीं त्याची क्षमा मागितली.

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मला आठवतं आहे. पण गुरुजी, तुम्ही रागावलांत म्हणून मी उठलों नाहीं. पोरं हंसलीं म्हणून उठलों.”

इतकीं वर्षें वर्गांत उभें राहूनहि मला जें कळलें नव्हतें, तें त्या एका वाक्यानें कळलें.

त्याला मीं त्या दिवशीं कॅनडाच्या टेरी फॉक्सची हकीकत सांगितली. १९७७ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, याच रोगानें त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयांत त्यानें आपल्याहून लहान मुलांचे हाल पाहिले, आणि कर्करोगाच्या संशोधनासाठीं निधि जमविण्याकरितां १२ एप्रिल १९८० रोजीं तो कृत्रिम पायानें सारा देश ओलांडण्यास धांवत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर त्यानें कापलें. मग रोग फुप्फुसांत पसरल्याचें आढळलें आणि त्याला थांबावें लागलें. २८ जून १९८१ रोजीं तो वारला. तेवीस पुरीं होण्यास एक महिना उरला होता. देशांतल्या प्रत्येक माणसामागें एक डॉलर, हा त्याचा संकल्प मात्र त्याच्या डोळ्यांदेखत पुरा झाला. त्याचा मृत्यु मीं लपविला नाहीं. मुलानें माझी पेन्सिल मागून घेतली, एका कागदाच्या पाठीवर भागाकार केला आणि म्हणाला, “रोजचे साडेसदतीस किलोमीटर.” दुसरें कांहीं बोलला नाहीं.

२०१५ च्या फेब्रुवारींत त्याचा पाय काढला. राखण्याची वेळ टळून गेली होती. त्या गेलेल्या वेळेंतले कांहीं आठवडे माझ्या खात्यावर आहेत, असें मी मानतों.

पुढच्या दिवाळीनंतर तो कुबड्या घेऊन शाळेंत परतला. वर्ष बुडाल्यामुळें पुन्हां नववींतच बसला. वर्ग माडीवर होता. मुख्याध्यापकांना सांगून तो खालीं आणला. तेवढें सोपें होतें. अवघड गोष्ट निराळीच होती. कांहीं पालकांनीं मुलांना बजावलें होतें कीं, त्याच्या शेजारीं बसूं नका, त्याच्या पेल्यानें पाणी पिऊं नका. कर्करोग स्पर्शानें, श्वासानें वा उष्ट्या पाण्यानें होत नाहीं, हें मीं वर्गांत सांगून पाहिलें. उपयोग झाला नाहीं. तेव्हां मधल्या सुटींत मीं त्याच्याच पेल्यांतून पाणी प्यायलों आणि कांहीं न बोलतां पेला जागेवर ठेवला. तिसऱ्या दिवशीं त्याच्या बांकावर जागेसाठीं भांडण झालें. तें भांडण मीं मुद्दाम मिटविलें नाहीं.

आज त्यानें पंचविशी गांठली आहे. कृत्रिम पायानें तो चालतो, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून पोट भरतो आणि नेमानें तपासणीसाठीं मुंबईस जातो. तपासणीच्या आधींच्या रात्रीं अजूनहि झोंप येत नाहीं, असें तो सांगतो. धांवण्याच्या शर्यती पाहावयास मात्र तो जात नाहीं. तें मी समजूं शकतों.

शहरांतल्या सुशिक्षित घरांत असें होत नाहीं, असें कृपा करून समजूं नका. तेथें तेलाऐवजीं ‘वाढत्या वयाचें दुखणें’ किंवा ‘परीक्षेचें निमित्त’ हे शब्द असतात, एवढाच भेद. शंभरांतल्या बहुतेक मुलांचें दुखणें साधेंच असतें, म्हणून घाबरूं नये. पण वाढत्या मुलाचें हाड एकाच जागीं दोनतीन आठवडे दुखत राहिलें, दुखण्यानें तो रात्रीं जागा होऊं लागला किंवा सूज आली, तर चोळणें आणि ओढणें बंद करून आधीं फोटो काढून घ्यावा. आणि दुर्दैवानें तसें निघालेंच, तर मुलाला बाहेर बांकावर बसवून ठेवूं नये, आंत घ्यावें. दुखणें त्याचें आहे.

सर्वांत आधीं एवढें करावें : मुलगा ‘दुखतें’ म्हणाला, तर त्याला हंसूं नये आणि कोणाला हंसूं देऊं नये. माझ्या हातून तें झालें नाहीं, म्हणून आज आपणांपुढें बोलण्याचें धाडस केलें.