विजेचें हिमयंत्र

२०२२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील बफेलो शहरानजीक कांहीं ठिकाणीं सहा फुटांहून अधिक हिम पडलें. अशा प्रदेशांत घरापासून रस्त्यापर्यंतची मोटारीची वाट फावड्यानें मोकळी करणें दुबळ्या हृदयास घातक ठरतें. थंडीनें धमन्या आकुंचन पावतात, श्रमानें रक्तदाब वाढतो. विजेचें हिमयंत्र हा भार हलका करतें. त्याचें फिरतें पातें हिम आंत ओढून नळकांड्यांतून दूर फेकतें. चार-सहा इंच हिम सांचतांच तें फिरवावें, ढीग होऊं देऊं नये. ओलें हिम मात्र नळकांड्यांत अडकतें व तेथें हात घालण्याचा मोह होतो. कळ बंद केल्यावरही पातें क्षणभर फिरत राहतें. यास्तव आधीं प्लग काढावा, पातें थांबूं द्यावें आणि हिम काठीनेंच काढावें. तुटलेलीं बोटें पुन्हां उगवत नाहींत.