डब्यातलं खापर



आज एक जुनी चोरी कबूल करायची आहे. सरांसमोरच.

नववीत आपली सहल पवनीला गेली होती. जगन्नाथ टेकडीवर सरांनी सांगितलं, की १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. ‘इथलं काही उचलू नका,’ असंही बजावलं. मी मात्र काळ्या रेघांचं एक खापर दप्तरात टाकलं. घरी येऊन राखेने घासलं. रेघाच निघून गेल्या!

तीस वर्षं ते माझ्या डब्यात आहे. मध्यंतरी एका अभ्यासकांना दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘नेमकं कुठे होतं? किती खोल? शेजारी काय होतं?’ मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला, की आधी नोंदी जपतात, मग दुरुस्तीला हात लावतात. मी नोंदच पुसून टाकली होती.

जागेची नोंद राहिली तर काय होतं, ते वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याने दाखवलं. तिथे डायनासोरच्या काळातली अश्मीभूत विष्ठा सापडते. कुणालाही साधे दगडच वाटतील. पण वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि डायनासोरच्या काळातही गवत होतं, हे जगाला कळलं. तो दगड कोणत्या थरातला, हे ठाऊक नसतं, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता.

तुमच्यापैकी अनेकांची वावरं आहेत. विहीर खणताना, कालव्यासाठी जेसीबी चालताना कधी मूर्ती, नाणी, हाडासारखे दगड निघाले, तर एवढं करा. काम थांबवा. वस्तू ओढून काढू नका. खड्ड्याची कड ढासळते, सापविंचूही असतात. शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, जागा आणि खोली लिहून ठेवा. धुऊ नका. नाणं चिंचेने घासू नका, अक्षरं जातात. तुटलेलं फेविकॉलने चिकटवू नका. वस्तू आधीच बाहेर आली असेल, तर कागदात सैल गुंडाळून, चिठ्ठी लावून सावलीत ठेवा. मग तहसील कार्यालयाला कळवा. जीवाश्म वाटला तर नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे.

‘कळवलं तर लचांड मागे लागेल,’ ही भीती मला माहीत आहे. पण १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. आणि सरकारने तो घेतला, तर मोबदल्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. लपवलं तर मात्र गुन्हा होतो.

सर, ते खापर आज सोबत आणलं आहे. उद्या नागपूरला पुरातत्त्व खात्याकडे देणार आहे, सोबत माझा कबुलीजबाब लिहून. त्याच्या रेघा आणि जागा मला परत देता येणार नाही. पण त्याआधी एकदा तुमच्या हातात द्यायचं होतं.