गावाचे कागद गावच्या वाचनालयात



आपल्या ग्रंथालय चळवळीचा इतिहास सांगायला उभं राहिलं की ठरलेली नावं तोंडी येतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय, १८२८. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय, १८६४. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३. अभिमान वाटावा अशीच ही नावं आहेत. ठाण्याची संस्था उभी करणारे वि. ल. भावे तेव्हा पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. मराठी ग्रंथ मिळेल तिथून जमवायचे आणि ते सगळ्यांसाठी खुले ठेवायचे, हा त्या वयातला ध्यास! 'महाराष्ट्र सारस्वत' हा त्यांचा ग्रंथ पुढे आला.

पण त्याच ठाणे जिल्ह्यात, खाडीकाठी, भातशेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगणारी आगरी-कोळी गावं होती. शहरातल्या वाचनालयाच्या वर्गणीदारांत या गावांतली माणसं किती असतील, याचा अंदाज आपण सहज करू शकतो. त्यांच्या घरी कागद आला तो बहुतेक सावकाराचा, खोताचा नाहीतर सरकारचा.

सर्वांत मोठा कागद १९७० नंतर आला. सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. आपलं करावे गाव त्यांतलंच. नोटीस, पंचनामा, निवाडा, वाढीव मोबदल्याचा दावा, हे शब्द तेव्हापासून घराघरांत रुळले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा मार्ग निघाला. आज करावे गावठाणाभोवती टॉवर आहेत, पलीकडे पाम बीच रस्ता आहे, आणि फ्लेमिंगो बघायला लांबून लोक येतात. पक्ष्यांची छायाचित्रं हजारोंनी निघतात, निघू देत बापडी. पण खाडीत कुठे कोणतं जाळं लावायचे, कुठल्या बांधाला काय म्हणायचे, हे टिपून कोण ठेवणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: हे काम गावच्या वाचनालयाचं आहे. कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवीतच, अभ्यासिका तर हवीच. लहान घरातल्या मुलाला शांत जागा मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण ती पुस्तकं दुसरीकडेही मिळतील. तुमच्या आजोबांच्या नावाचा जुना सातबारा, निवाड्याची प्रत, १९८४च्या आंदोलनाचं पत्रक, आणि लग्नात गाणाऱ्या धवलारणीनं म्हटलेली गीतं म्हणजे धवले, हे सगळं करावेच्या वाचनालयात नसेल तर ते कुठल्या कपाटात शोधायचं? धवलारीण म्हणजे चालतंबोलतं ग्रंथालय, असं म्हणून आपण टाळ्या घेतो आणि ध्वनिमुद्रण मात्र करत नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अनुदानाची वाट करून दिली, त्याखालच्या नियमांनी अ, ब, क, ड वर्ग ठरवले. पण ग्रंथालय कर कायद्यात आला नाही. म्हणून आपल्या संस्था वर्गणी, देणगी आणि अनुदानाची वाट पाहत चालतात. ग्रंथपालाच्या हाती महिन्याअखेर काय पडतं, हे या सभेला वेगळं सांगायला नको. त्याच्यावर आणखी काम टाकताना मलाही संकोच वाटतो. तेव्हा त्याच्या मानधनाची मागणी या सभेच्या ठरावात पहिली घ्या.

आणि दुसरी गोष्ट, अगदी व्यवहाराची. लोक मूळ कागद देणार नाहीत, मागूही नका. जमिनीच्या कागदावरून भाऊबंदकी पेटते. झेरॉक्स काढा, मूळ प्रत त्याच बैठकीत परत करा, झेरॉक्स कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही हे घरमालकाकडून लिहून घ्या. धवले ध्वनिमुद्रित करताना म्हणणारीचं नाव आणि परवानगी दोन्ही नोंदवा. उद्याच्या सत्रात या सगळ्या नोंदींसाठीच्या वहीचा नमुना ठरवूनच आपण उठावं, अशी माझी विनंती आहे.