तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे



स्वागत समितीच्या वतीने मी गोदाकाठच्या या नगरीत आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो.

ख्रिस्ती भजनगायनाचं हे संमेलन नाशिकला भरावं, यात औचित्य आहे. ही भजनं रचणारे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली कोकणातल्या करजगावचा. पण संस्कृत विद्येचे संस्कार त्यांच्यावर नाशिकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे झाले. पत्नी लक्ष्मीबाई इथल्या जलालपूरच्या. उत्तरायुष्यात त्या नाशिकातच राहिल्या आणि १९३६ साली इथेच निवर्तल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे टिळक घराघरांत माणूस म्हणून पोहोचले.

१८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी त्यांना आप्त दुरावले, संसार काही वर्षं दुभंगला. मात्र मराठी संतांशी असलेलं नातं त्यांनी तोडलं नाही. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणलं, असं ते उघडपणे सांगत. तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं परक्या चालींवर गायली जात. कृष्णराव सांगळ्यांसारख्या ख्रिस्ती कवींनी देशी वळणाची वाट आधीच धरली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. अभंग, ओवी आणि पदांतून त्यांची ख्रिस्तभक्ती वाहू लागली. टाळ-मृदंगाच्या साथीने त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली. 

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. १९१९ साली मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. लग्नानंतर पतीकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते महाकाव्य पुढे नेलं. मराठी साहित्यात याला तोड नाही.

मित्रहो, आज टिळकांची पदं ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहात सुरक्षित आहेत, चालींचं तसं नाही. एकाच पदाची चाल गावागणिक बदलते, आणि जुनी चाल जाणणारी माणसं थकत चालली आहेत. पुस्तक पुन्हा छापता येतं, विसरलेली चाल परत आणता येत नाही. म्हणून प्रत्येक मंडळीने आपल्या वडीलधाऱ्या गायकांचं ध्वनिमुद्रण करावं, जाणकारांकडून स्वरलेखन करून घ्यावं आणि तरुणांच्या हाती पुन्हा टाळ-मृदंग द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शाळा-महाविद्यालयांतही ही पदं मराठी भक्तिकाव्य म्हणून शिकवली जावीत. ती ख्रिस्ती समाजाची आहेत, तेवढीच अवघ्या महाराष्ट्राची आहेत.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. या मांडवात मनसोक्त गा, एकमेकांच्या चाली शिकून घ्या आणि त्या आपापल्या गावी रुजवा.